रोबोटिक्स टेक्निशियन म्हणून परदेशी निघताय तर हे वाचा

व्हिसाचे नियम, पगाराची अट वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही. तुम्ही विचारलंय की मेंटेनन्सचा अनुभव आहे, निघायच्या आधी रोबोट प्रोग्रामिंगचा महागडा कोर्स करू का. माझं मत, आधी पीएलसी (म्हणजे लाइनवरची मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंग वाचणं पक्कं करा. लाइन बंद पडली की सगळे रोबोटकडे बोट दाखवतात आणि निघतं काय तर एखादा सेन्सर हललेला, ग्रिपरला, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या पंजाला, हवेचं प्रेशर कमी, नाहीतर रोबोटच्या मनगटाजवळ वाकून वाकून आतून तुटलेली केबल. एन्कोडर म्हणजे रोबोटच्या सांध्याची पोझिशन मोजणारा सेन्सर, त्याची बॅटरी उतरली तर पोझिशन जाते आणि मास्टरिंग, म्हणजे प्रत्येक सांध्याचं शून्य ठरवणं, परत करावं लागतं, म्हणून बऱ्याच रोबोटवर ती कंट्रोलर चालू ठेवूनच बदलतात. अशी माहिती असलेला माणूस सगळीकडे हवा असतो.

भाषेचं मात्र मनावर घ्या. टीच मोडमध्ये, म्हणजे रोबोटला हाताने हलवून शिकवताना, स्पीड सेकंदाला 250 मिमीच्या आत राहतो, हातातल्या रिमोटवरचा एनेबल स्विच सोडला किंवा घाबरून घट्ट दाबला तरी रोबोट थांबतो, हे सगळं खरं, पण सेलमध्ये, म्हणजे रोबोटच्या कुंपणाच्या आत, दोघं असताना समोरचा 'हात काढ' म्हणाला तर ते झोपेतही कळायला हवं.

कागदपत्रांनी मला फार छळलं. अनुभवपत्रात नुसतं 'मेंटेनन्स विभागात कार्यरत' लिहिलेलं, त्यावरून इथल्या अधिकाऱ्याला काय कळणार? कोणता रोबोट, कोणता कंट्रोलर, टीसीपी कॅलिब्रेशन (टूलचं टोक नेमकं कुठे आहे ते रोबोटला सांगणं), बॅकअप, लॉकआउट (काम करताना वीज बंद करून कुलूप लावणं), सगळं नावानिशी लिहून हवं होतं आणि जुनी कंपनी म्हणे आमचा फॉरमॅट ठरलेला आहे. कित्येक महिने त्यात गेले.

एकटेपणाबद्दल विचारलंत. जाणवतो, पण शिफ्टमध्ये दिवस निघून जातो.

पण मुलीचं अजून सलतं. भाषा येत नाही म्हणून शाळेने तिला एक इयत्ता खाली बसवलं, गणितात ती त्या मुलांच्या कितीतरी पुढे होती तरी. ते वर्ष ती घरी आली की गप्पच असायची. आता छान चाललंय तिचं, बायको म्हणते सोडून दे, मला नाही सोडता येत, कारण इकडे यायची घाई माझी होती, तिची नव्हती. आणि काम मला मनापासून आवडतं इथलं, सेफ्टीसाठी लाइन थांबवली तर कोणी ओरडत नाही, त्यामुळे यायला नको होतं असंही म्हणवत नाही.

मुलं असतील तर कोणत्या वर्गात आणि कशावरून घेणार, हे ऑफर स्वीकारायच्या आधी शाळेकडून लेखी घ्या. आणि अनुभवपत्र राजीनामा द्यायच्या आधीच हातात घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही.