कॉन्फेडरेशन म्हणजे संघराज्य नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या इतिहासात १७८१ ते १७८९ हा कॉन्फेडरेशनचा काळ मानतात. त्या व्यवस्थेला मराठीत ‘संघराज्य’ म्हणावं का? आणि स्वित्झर्लंड आजही स्वतःला कॉन्फेडरेशन म्हणवतो, मग तोही त्यातलाच का?

संघराज्य म्हणू नये. संघराज्यात केंद्र सरकार थेट नागरिकापर्यंत पोचतं. ते त्याच्याकडून कर घेतं, त्याच्यासाठी कायदा करतं आणि कायदा मोडला तर त्याच्यावर खटला चालवतं. कॉन्फेडरेशनमध्ये मध्यवर्ती सभेचा व्यवहार असतो तो मुख्यतः घटक राज्यांशी. राज्यं सार्वभौमच राहतात, फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार अशा मोजक्या कामांपुरती ती करारानं एकत्र येतात.

अमेरिकेतल्या तेरा राज्यांचा करार नेमका असा होता. काँग्रेसनं, म्हणजे या राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेनं, तो नोव्हेंबर १७७७ मध्ये मंजूर केला, पण तेराही राज्यांची संमती मिळायला १७८१ चा मार्च उजाडला. लहानमोठं कुठलंही राज्य असो, मत एकच. महत्त्वाच्या निर्णयाला नऊ राज्यं लागत आणि करारात दुरुस्ती करायची तर सगळीच्या सगळी. काँग्रेसला युद्ध पुकारता येई, परदेशात राजदूत पाठवता येत, पण कर बसवता येत नसे. खर्चाचा वाटा राज्यांना कळवायचा आणि पैशांची वाट बघत बसायचं. आयात मालावर पाच टक्के जकात तरी घेऊ द्या, अशी मागणी काँग्रेसनं केली. १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडनं नकार दिला आणि योजना तिथंच बारगळली.

याचा परिणाम जून १७८३ मध्ये फिलाडेल्फियात उघड्यावर आला. पगार थकलेल्या काही शे सैनिकांनी सभागृहाच्या इमारतीला वेढा घातला. काँग्रेसच्या हाताशी स्वतःचं असं बळ नव्हतं, म्हणून तिनं पेनसिल्व्हेनिया राज्याकडे नागरी सेना बोलावण्याची विनंती केली. राज्यानं ती मानली नाही. त्या वेळी राज्याचे प्रमुख होते जॉन डिकिन्सन, म्हणजे १७७६ मध्ये याच कराराचा पहिला मसुदा ज्यांनी लिहिला तेच! शेवटी काँग्रेसनं फिलाडेल्फिया सोडलं आणि प्रिन्सटनला बैठका भरवल्या. कॉन्फेडरेशन शब्दाचा अर्थ याहून स्पष्ट करणारा प्रसंग मला ठाऊक नाही.

स्वित्झर्लंडचं नाव जुनं, घडण नवी. तिथली कँटन्स, म्हणजे घटक राज्यं, शतकानुशतकं करारानंच एकत्र होती. १८४७ च्या छोट्या यादवी युद्धानंतर १८४८ मध्ये राज्यघटना आली आणि देश खऱ्या अर्थानं संघराज्य झाला. गाड्यांवर दिसणारी ‘सीएच’ ही अक्षरं ‘कॉन्फेडरेशिओ हेल्वेटिका’ (स्विस कॉन्फेडरेशन) या त्याच जुन्या लॅटिन नावाची.

आता मराठी शब्द. महासंघ, राज्यसंघ, परिसंघ असे तिन्ही वाचायला मिळतात. महासंघ म्हटलं की कामगार किंवा उद्योजकांच्या संघटना डोळ्यांसमोर येतात. राज्यसंघ मला मुळीच पटत नाही, कारण आपल्या संविधानाचं पहिलंच कलम भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हणतं आणि त्यातला आशय नेमका उलट आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला होता, की हा संघ राज्यांच्या आपसांतल्या करारातून झालेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. तेव्हा ‘परिसंघ’ वापरावा. कानाला थोडा सरकारी वाटतो खरा, पण घोटाळा होत नाही.

इंग्रज लेखक पेशवाईच्या उत्तरकाळाला ‘मराठा कॉन्फेडरसी’ म्हणतात, तिथं मात्र परिसंघ लिहू नये. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांनी समान दर्जानं बसून असा कुठलाही करार केलेला नव्हता. छत्रपतींचं स्वामित्व निदान नावाला तरी सगळे मानत. ‘मराठा मंडळ’ हा शब्द तिथं चपखल बसतो.

१८६१ ची अमेरिकेतली दक्षिणी राज्यंही स्वतःला कॉन्फेडरेट म्हणवत. त्यांची घटना मात्र बरीचशी मूळ अमेरिकी घटनेवरूनच उतरवलेली होती. एप्रिल १८६२ मध्ये त्यांच्या केंद्र सरकारनं राज्यांना न विचारता थेट नागरिकांवर सक्तीची सैन्यभरती लादली. म्हणून तिथं भाषांतर न करता ‘कॉन्फेडरेट राज्यं’ हे विशेषनामच ठेवावं.