जागाच नाही, घरकुल कसं मिळंल?

प्रश्न : आम्ही बीडकडचे ऊसतोड कामगार, पावसात घर पडलं, आता भावकीच्या जागेत पत्रे ठोकून राहतोय. नावावर जागा नाही तर घरकुल मिळत नाही म्हणतात, खरंय का?

उत्तर : अर्धंच खरंय. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते, पण आधी नाव घरकुलाच्या यादीत पाहिजे. म्हणून ग्रामपंचायतीत यादी बघा, नाव नसंल तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्या अन पोच घ्याच, तोंडी सांगितलेलं कोण ध्यानात ठेवतंय! हे तोडीला जायच्या आधी उरका, नाहीतर सर्व्हेवाले येतात अन तुम्ही फडात. प्रधानमंत्री आवासचे १ लाख २० हजार हप्त्यानं थेट खात्यावर येतात, त्यामुळं मधल्या माणसाला रुपयाही देऊ नका.