विनी युइंग यांना स्कॉटलंडात एवढा मान का?

प्रश्न: स्कॉटिश नॅशनल पार्टीबद्दल (एसएनपी, स्वतंत्र स्कॉटलंड मागणारा पक्ष) वाचताना विनी युइंग हे नाव सारखं येतं. त्या कधी मंत्रीही नव्हत्या, मग एवढा मान कशामुळे?

उत्तर: मंत्रिपदावरून त्यांचं काम मोजूच नका. युइंग ग्लासगोच्या वकील. नोव्हेंबर १९६७ ला हॅमिल्टनची पोटनिवडणूक लागली, जागा लेबर पार्टीची अगदी हक्काची, आणि युइंग यांच्या एसएनपीने तोवर वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेत, एकच खासदार पाठवलेला, तोही १९४५ मध्ये आणि काही महिन्यांपुरताच, तरी बाई निवडून आल्या! माझ्या मते आजच्या एसएनपीची खरी सुरुवात तिथेच झाली. १९७० ला हॅमिल्टन गेलं, पण फेब्रुवारी १९७४ ला मोरे अँड नेर्नमधून परत आल्या आणि हरवलं कुणाला तर खुद्द स्कॉटलंड खात्याच्या मंत्र्याला. १९७९ ला तीही जागा गेली. एखादा घरी बसला असता, या त्याच वर्षी हायलँड्स अँड आयलंड्समधून युरोपियन पार्लमेंटवर निवडून गेल्या आणि १९९९ पर्यंत तिथे राहिल्या, लोक त्यांना मादाम एकोस (फ्रेंचमध्ये ‘स्कॉटलंडबाई’) म्हणायला लागले.

मला सगळ्यात भारी वाटतो तो १२ मे १९९९ चा दिवस. नवीन स्कॉटिश पार्लमेंट भरलं, वयाने सगळ्यात मोठ्या म्हणून पहिल्या बैठकीच्या अध्यक्ष याच, आणि इंग्लंडशी एकीकरण झालं तेव्हा, २५ मार्च १७०७ ला, तहकूब झालेलं स्कॉटलंडचं पार्लमेंट पुन्हा सुरू होतंय असं त्यांनी जाहीर केलं. २०२३ मध्ये, ९३ व्या वर्षी त्या गेल्या.