कृष्णधवल छायाचित्रात हाताने रंग भरताना

प्रश्न : आजीच्या तरुणपणीच्या कृष्णधवल छायाचित्रात हाताने रंग भरून ते भिंतीवर लावण्याचा विचार आहे. घरात पोस्टर रंग आहेत. ते चालतील का? चौकटही नेहमीपेक्षा वेगळी हवी आहे.

उत्तर : पोस्टर रंग चालणार नाहीत, आणि मूळ छायाचित्रावर तर कोणताच रंग लावू नये. ते स्कॅन करून प्रत काढावी आणि प्रयोग प्रतीवर करावेत. पोस्टर रंग अपारदर्शक असल्यामुळे खालचा छायाप्रकाश झाकून टाकतात; या कलेत मात्र उजेड आणि सावली छायाचित्रानेच पुरवलेली असते, रंगाने तिच्यावर केवळ पातळ, पारदर्शक छटा चढवायची असते. छायाचित्रण जन्माला आले त्या सुमारासच, म्हणजे १८४० च्या आसपास, स्वित्झर्लंडचे योहान बाप्टिस्ट इझेनरिंग डॅगेरोटाइपवर (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या छायाचित्रावर) कोरडी रंगपूड लावत असत, आणि पुढे जपानमधील योकोहामातील स्टुडिओंनी जलरंगांनी रंगवलेली छायाचित्रे पर्यटकांत लोकप्रिय केली.

खरा प्रश्न कागदाचा आहे. चकचकीत प्लॅस्टिक-लेपित कागदावर रंग धरत नाही. डार्करूममध्ये काढलेली, फायबर कागदावरची (प्लॅस्टिकचा लेप नसलेल्या) मॅट, म्हणजे चकाकी नसलेली, प्रत मिळाली तर पारदर्शक तैलरंग उत्तम. कापसाच्या बोळ्याने अगदी थोडा रंग घेऊन तो चोळावा आणि जादा झालेला स्वच्छ बोळ्याने पुसून काढावा. चूक झाल्यास रंग ओला असेतो टर्पेंटाइनच्या बोळ्याने तो बराचसा निघतो, ही तैलरंगांची मोठी सोय आहे. जलरंग मात्र छायाचित्राच्या कागदावर असलेल्या जिलेटिनच्या थरात मुरतात आणि सहसा माघारी येत नाहीत. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या मॅट प्रतीसाठी रंगीत पेन्सिली किंवा कोरडे पेस्टल अधिक सुरक्षित, कारण काही शाया पाणी लागताच फुटतात.

प्रत नेहमीपेक्षा थोडी फिकट घ्यावी, कारण गडद काळ्या भागावर रंग दिसतच नाही. जमल्यास ती आधी सेपिया, म्हणजे तपकिरी छटेची, करून घ्यावी. त्वचेच्या सावल्या राखाडी राहिल्या तर गालावरचा गुलाबी रंग आजारी दिसतो. सगळेच रंगवण्याचा मोहही आवरावा. ओठ, साडीचे काठ, हातातले फूल एवढ्यावर थांबलेली चित्रे मला पूर्ण रंगवलेल्यांपेक्षा नेहमीच जास्त जिवंत वाटतात.

चौकटीविषयी एक पथ्य आहे : काच छायाचित्राला टेकता कामा नये, कारण दमट हवेत जिलेटिन काचेला चिकटते आणि मग ते सोडवताना चित्र फाटते. त्यासाठी आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट (काच आणि प्रत यांच्यामध्ये बसणारी, खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) वापरावा, तैलरंग पूर्ण वाळल्याशिवाय काच लावू नये, आणि चिकटपट्टीऐवजी कागदी कोपऱ्यांत प्रत बसवावी. वेगळेपणा हवा असेल तर एकाच माउंटमध्ये तीन खिडक्या कापून मूळ कृष्णधवल, सेपिया आणि रंगवलेली अशा तीन प्रती शेजारी-शेजारी लावता येतील. किंवा खिडकीच्या कडेने, साडीच्या काठासाठी वापरलेल्याच रंगाची एक बारीक रेघ ओढता येईल. नक्षीदार सोनेरी चौकट मात्र टाळावी, कारण ती या हलक्या रंगांना दाबून टाकते. भिंत निवडताना थेट ऊन येणारी जागा सोडावी; अतिनील किरण रोखणारी काच असली तरी उन्हात रंग हळूहळू विटतोच.