आधी डायोडच्या जागी कपॅसिटर लावून मोज

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. कण मोजायला तू केलेला डिटेक्टरचा बोर्ड पाहून खरंच बरं वाटलं. सोल्डरिंग स्वच्छ आहे, डबी ॲल्युमिनियमची घेतलीस, आणि ॲडॉप्टर न लावता नऊ व्होल्टची बॅटरी लावलीस, म्हणजे मेनच्या त्रासाचा विचार केलास. पण तू लिहिलंस, "काका, मिनिटाला चाळीस म्युऑन येताहेत." म्युऑन म्हणजे अवकाशातल्या किरणांमुळे वर हवेत तयार होऊन खाली येणारे बारीक कण. तू मोजतेस ते म्युऑन नाहीत. तुला वाईट वाटेल हे कळतं, तरी सुरुवात इथूनच करतो. फिजिक्स घेऊ की इलेक्ट्रॉनिक्स, या तुझ्या प्रश्नाची वाट याच चाळिसातून जाते.

हिशेब कर. तुझा डायोड बीपीडब्ल्यू 34, म्हणजे कण आरपार गेला की बारीक पल्स देणारा सिलिकॉनचा तुकडा. त्याचं क्षेत्रफळ साडेसात चौरस मिलिमीटर, म्हणजे 0.075 चौरस सेंटिमीटर. जमिनीच्या पातळीवर एका आडव्या चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. तुझ्या डायोडच्या वाट्याला तासाला चार-पाच येतील. तू मोजतेस ते पाचशे पटींहून जास्त. आणि त्या चार-पाचांचा सिग्नल तरी केवढा? 300 मायक्रॉन जाड सिलिकॉनमधून म्युऑन गेला तर सुमारे 23 हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात. चार फेम्टोकुलंबही होत नाहीत. एक पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर तो चार्ज घेतला तर चार मिलिव्होल्टच्या आतच. नऊ व्होल्टवर तुझ्या डायोडमधला चार्ज गोळा करणारा थर याहून पुष्कळ पातळ असतो, म्हणजे सिग्नल आणखी बारीक. फोटोतले तुझे बहुतेक पल्स थ्रेशोल्ड, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेली किमान पातळी, जेमतेम ओलांडतात. नॉइज, म्हणजे सर्किटचा स्वतःचाच गोंगाट, असाच दिसतो.

आता असं कर. डायोड काढ आणि त्याच्या जागी तेवढ्याच कपॅसिटन्सचा कपॅसिटर लाव. नुसता डायोड काढून मोजलंस तर फसशील. इनपुटवरचा कपॅसिटन्स कमी झाला की ॲम्प्लिफायरचा नॉइजही उतरतो, आणि तुला वाटेल की बघा, डायोड होता म्हणून पल्स येत होते. कपॅसिटर लावूनही मिनिटाला तीस-चाळीस आले तर उत्तर मिळालं. मग टेबलावर टिचकी मारून बघ. सिरॅमिक कपॅसिटर ठोक्याने हलका व्होल्टेज देतो, आणि तो पल्ससारखाच दिसतो. मग पहाटे चारला मोज आणि दुपारी चारला मोज. सिलिकॉनचा गळतीचा करंट दर सात-आठ अंशांना दुप्पट होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दिवसभरात तो किती पटीने वर जात असेल, याचा अंदाज घे. प्रत्येक वेळी वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज लिही. आकडा आवडला नाही तरी खोडायचा नाही.

डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाचा दिवस असाच जातो. तासाला पाच म्युऑन हा हिशेब फिजिक्सचा, आणि डायोडच्या जागी कपॅसिटर लावायची युक्ती इलेक्ट्रॉनिक्सची. दोन्ही एकाच डोक्यात असावं लागतं. म्हणून माझं मत विचारशील तर एम.एस्सी. फिजिक्सला जा आणि सर्किटचा हात सोडू नकोस. उलटं करूनही इथे आलेले लोक मी पाहिलेत. पण क्वांटम आणि स्टॅटिस्टिक्स पुढे एकटीने भरून काढणं अवघड जातं, सर्किट मात्र टेबलावर बसून शिकता येतं.

एक गोष्ट सांगतो, माझ्या नोकरीतली. आम्ही काचेच्या आरपीसीची, म्हणजे कण गेला की सिग्नल देणाऱ्या रेझिस्टिव्ह प्लेट चेंबरची, चाचणी घेत होतो. दोन काचांमध्ये दोन मिलिमीटरची फट, त्यात गॅस, आणि वर सुमारे दहा हजार व्होल्ट. रोज दुपारी काउंट वाढायचे आणि रात्री उतरायचे. आम्ही गॅसचं मिश्रण तपासलं, काच बदलली, हाय व्होल्टेजचा सप्लाय बदलला. तीन आठवडे गेले. गरमीमुळे होतंय असं मी अहवालात लिहूनही टाकलं, आणि ते चूक होतं.

उत्तर सापडलं ते घरच्या आठवणीमुळे. आमच्या वावरात माझे बाबा ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी नागपूर लावायचे. शेजारच्या विहिरीवर कोणी स्टार्टर दाबला की रेडिओत खर्र व्हायचं. बाबा मान न वळवता सांगायचे, "लाईन आली वाटते, त्यायची मोटार सुरू झाली." तुझ्याही घरी हे झालंच असेल. दुसऱ्या दिवशी मी छोटा रेडिओ प्रयोगशाळेत नेला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि केबलच्या कडेकडेने फिरलो. एका भिंतीपाशी दर काही मिनिटांनी खर्र. भिंतीपलीकडे एसीचा कॉम्प्रेसर होता, आणि त्याची अर्थिंग आमच्याच पट्टीला जोडलेली. दुपारी ऊन चढलं की तो जास्त वेळा चालू-बंद व्हायचा. प्रत्येक वेळी आमची जमीन दचकायची आणि आम्ही ते कण म्हणून मोजायचो.

अर्थिंगकडे आजही नव्या मुलांचं लक्ष नसतं. तुझं असायला हवं, कारण तू ते डोळ्यांनी पाहिलंय. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या प्लेटपासून सुटते, मीठ-कोळसा कोरडा पडतो, आणि मग पंपाच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. बाबा दर आठ दिवसांनी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचे. "जमीन म्हणजे शून्य व्होल्ट" हे पुस्तकातलं वाक्य त्यांनी वाचलं नव्हतं, म्हणून ते फसले नाहीत. जमिनीलाही रेझिस्टन्स असतो आणि त्यातून करंट गेला की ती शून्यावर राहत नाही. बोर्डावरच्या ग्राउंडचंही तसंच. पुढचा बोर्ड काढशील तेव्हा प्रत्येक सिग्नलचा परतीचा रस्ता कुठून जातो ते पेन्सिलीने आखून बघ. ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, प्रोबची ती लांब ग्राउंडची वायर काढून टाक आणि छोटी स्प्रिंग लाव. त्या वायरीचा फास स्वतःच अँटेना होतो.

यावर तू म्हणशील, मग दोन डिटेक्टर एकावर एक ठेवते, दोन्हींत एकाच वेळी पल्स आला तरच मोजते. बरोबर आहे. ब्रुनो रॉसीने 1930 मध्ये व्हॅक्यूम ट्यूब वापरून असं सर्किट केलं आणि कॉस्मिक किरणांचा अभ्यासच बदलला. दोघांना मिनिटाला चाळीस-चाळीस नॉइज पल्स येत असले आणि एक मायक्रोसेकंदाची खिडकी ठेवली, म्हणजे तेवढ्या वेळात दोन्ही आले तरच जोडी धरली, तर योगायोगाने जुळणारी जोडी तेरा दिवसांत एखादी. पण हा हिशेब दोन्ही नॉइज एकमेकांशी संबंध नसलेले असतील तेव्हाच खरा. शेजारचा स्टार्टर दोन्ही डिटेक्टरांना एकाच क्षणी हलवतो. दोन्ही साक्षीदार एकाच घरचे निघाले तर साक्षीला काय किंमत? म्हणून स्टार्टरच्या वेळा वहीत हव्यात. रात्रीची थ्री फेज किती वाजता येते ते गावात सगळ्यांना पाठ असतं, तू फक्त लिहून ठेव.

मोठ्या प्रयोगातही दुखणं हेच, फक्त आकडे वाढतात. भारतातल्या न्यूट्रिनो वेधशाळेच्या आराखड्यात 50 हजार टन लोखंड, सुमारे 28,800 आरपीसी आणि 37 लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉनिक चॅनेल होते. जिनिव्हाच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या महायंत्रामध्ये दर 25 नॅनोसेकंदांनी प्रोटॉनचे पुंजके समोरासमोर येतात. तीन मीटर केबल जास्त पडली तर सिग्नल 15 नॅनोसेकंद उशिरा पोचतो. आणि ऊटीच्या ग्रेप्स-3 या कॉस्मिक किरणांच्या प्रयोगाबद्दल नक्की वाच. लोखंडी चौकोनी नळ्यांचे हजारो काउंटर लावून तिथले लोक म्युऑन मोजतात. 1 डिसेंबर 2014 च्या वादळात म्युऑनची संख्या किंचित घटली, तेवढ्यावरून त्यांनी ढगातलं व्होल्टेज काढलं: सुमारे 130 कोटी व्होल्ट. ती घट खरी आहे, उपकरणाची नाही, असं छातीठोक सांगता यावं यासाठी किती वर्षं नॉइज ओळखत बसावं लागलं असेल, याचा मी नेहमी विचार करतो. विजा आपण लहानपणापासून पाहतो. त्या अशाही मोजता येतात हे मला फार उशिरा कळलं.

घरच्यांशी बोलताना काही लपवू नकोस. पीएच.डी. धरून सात-आठ वर्षं जातील, चिप कंपनीत गेलेली मैत्रीण तोवर घर बांधेल. नावही फारसं होत नाही. हिग्ज नावाच्या कणाच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या निबंधाला 5,154 लेखक आहेत, आणि अर्थिंगची पट्टी नीट बसवणारा त्या यादीत कुठेतरी असतो. मला हे काम तरीही मनापासून आवडलं. तुला आवडेल की नाही ते या डायोडवरून तुझं तुलाच कळेल. तीन आठवडे नुसता नॉइज मोजूनही सकाळी उठून परत वहीकडे जावंसं वाटलं, तर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या व्हीएसआरपी या विद्यार्थ्यांच्या उन्हाळी कार्यक्रमासाठी अर्ज कर आणि जेस्ट या पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू कर. इंग्रजीची भीती धरू नकोस, मीही मराठी शाळेतलाच. सर्किट तपासायचं एलटीस्पाइस आणि बोर्ड आखायचं किकॅड ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, व्हेरिलॉग ही डिजिटल सर्किट लिहायची भाषा पुढच्या वर्षी.

दिवाळीत एसटीने येशील तेव्हा बोर्ड कपड्यांत गुंडाळून आण, आणि वही विसरू नकोस. माझ्याकडे दहा बाय दहा सेंटिमीटरचे दोन प्लास्टिक सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की किंचित चमकणाऱ्या पट्ट्या, पडून आहेत. त्यातल्या एकातून मिनिटाला शंभरेक म्युऑन जायला हवेत. किती दिसतात ते आपण गच्चीवर बसून मोजू, कापसाच्या गाड्या निघायच्या आधी, पहाटेच. तुझ्या बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका