पोर्तुगीज फुटबॉलपटू लुइस फिगोवर बार्सिलोना क्लबच्या चाहत्यांचा राग इतका का? लुइस एन्रिके हा खेळाडूही कट्टर प्रतिस्पर्धी रियाल माद्रिदमधूनच बार्सिलोनात आला होता ना?

आला होता, पण १९९६ मध्ये, करार संपल्यावर. फिगोचं तसं नव्हतं. तो बार्सिलोनाच्या मैदानाचा, कॅम्प नोऊचा लाडका, कप्तानाचा पट्टा बांधून खेळलेला. २००० साली फ्लोरेंतिनो पेरेझ ‘फिगोला आणतो’ असं सांगत रियाल माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले आणि करारात ठरलेली सुटकेची रक्कम, सुमारे ६ कोटी युरो, भरून त्याला घेऊन गेले. ही रक्कम भरली की खेळाडू मोकळा, त्यामुळे बार्सिलोनाला नाही म्हणायची सोयच नव्हती. ही जखम खोल होती, आणि चाहत्यांच्या शिट्ट्या मला अगदी रास्त वाटतात. पण नोव्हेंबर २००२ मध्ये कॅम्प नोऊवर रियालकडून खेळताना तो कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा बाटल्यांचा मारा झाला, डुकराचं मुंडकंही मैदानात येऊन पडलं. सामना थांबवावा लागला. ते मात्र मला कधीच पटलं नाही.