मोली माशांवर पांढरे ठिपके आलेत, टँकमध्ये गोगलगायी असल्याने औषध घालायचं नाही. तरी मासे वाचतील का?

वाचतील, पण ठिपके गेले म्हणून उष्णता-मिठाचा उपचार थांबवू नका. मी तेच केलं होतं. चौथ्या दिवशी मोली अगदी स्वच्छ दिसल्या, मी हीटर काढून ठेवला आणि आठवड्यात आधीपेक्षा जास्त ठिपके आले. तीन मोली गेल्या, त्याचं अजून वाईट वाटतं.

अंगावर रवा चिकटल्यासारखे ठिपके आणि मासे दगडाला अंग घासतायत, म्हणजे हा व्हाइट स्पॉट, ज्याला दुकानदार 'इक' म्हणतात. हा परजीवी माशाच्या कातडीखाली बसलेला असतो. तिथे औषधसुद्धा पोचत नाही. मोठा झाला की सुटून खाली खडीत पडतो, कवच करून घेतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. ती पोहत मासा शोधायला निघतात आणि दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध असो वा मीठ, लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. मासा स्वच्छ दिसतो तेव्हा सगळी फौज खडीत असते.

आधी गोगलगायी वेगळ्या बादलीत काढा. मासे नसलेल्या पाण्यात परजीवी टिकत नाही, त्यामुळे 3-4 आठवड्यांनी त्या परत सोडता येतील. मग हीटर लावून रोज एक-दोन अंश वाढवत पाणी 30 अंशांवर न्या. उष्णतेने त्याचं चक्र भराभर फिरतं आणि 30 अंशांवर बहुतेक वेळा त्याची वाढच थांबते. एअर पंप रात्रंदिवस चालू हवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. मीठ बिनआयोडीनचं, लिटरला 2 ग्रॅम. दोन फुटी टँकमध्ये साधारण 50 लिटर पाणी धरलं तर 100 ग्रॅम. टँकच्याच पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घाला. मोलींना मीठ मानवतं, कोरी किंवा लोच जातीचे मासे असतील तर निम्म्यावरच थांबा. नाजूक झाडं मात्र खराब होतील.

सगळ्यात मोलाचं काम पाइपचं. एक दिवसाआड खडीत पाइप खुपसून तळाचा गाळ ओढा, चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तितकंच कोमट असावं. जेवढं पाणी काढाल तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घाला. शेवटचा ठिपका गेल्यावर पुढे 10 दिवस हे सगळं तसंच चालू ठेवा.

मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर कल्ल्यांना लागण झालीय. तेव्हा औषध टाळू नका. गोगलगायी बाहेर आहेतच.